मेहनत एकट्याची, तालीम गावाची
(जोर-बैठकांच्या परंपरेचा एक मागोवा)

गावाला वेस असते, वेशीजवळ मारुती असतो आणि मारुतीच्या आसपास कोठे तरी तालीम असते. कोल्हापूर जिल्ह्यातील ही जुनी रीत आहे. देवळात घंटा वाजण्याआधी तालमीत कंदील लागे. पहाटेच्या काळोखात लंगोट कसलेला एखादा मुलगा मारुतीच्या तसबिरीपुढे हात जोडी, लाल मातीची चिमूट कपाळाला लावी आणि जोर काढायला लागे. समोर जोडीदार नसे. टाळ्या वाजवणारे कोणी नसे. दहा, वीस, पन्नास, शंभर असा आकडा मनातल्या मनात पुढे सरके आणि अंगातून निथळलेल्या घामाने खालच्या फरशीवर छातीचा ओला ठसा उमटे.

कुस्तीचा इतिहास सांगताना मैदानांची, गदांची आणि विजयी मल्लांची नावे सांगितली जातात. ते योग्यच आहे. पण त्या विजयामागे हजारो पहाटे एकट्याने केलेली जी मेहनत असते, तिचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या मेहनतीची आणि तिला जागा देणाऱ्या गावकीची आठवण करणे उचित ठरेल.

जुने दाखले

एकट्याने करावयाच्या व्यायामाची परंपरा फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या नावानेही तो ओळखला जातो. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम यांचा विचार केलेला आहे. भार उचलणे, चालणे-धावणे, पाण्यात पोहणे, बाहूंचे श्रम करणे आणि खांबावर मेहनत करणे असे हे प्रकार आहेत. यांतला बहुतेक भाग मल्लाने आपला आपण करावयाचा आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी झोंबण्यापूर्वी स्वतःच्या देहाशी झोंबावे लागते, हा विचार नऊशे वर्षांपूर्वीही पक्का होता.

खांबावरची मेहनत पुढे मल्लखांब म्हणून महाराष्ट्रात नावारूपाला आली. उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवा जन्म दिला. मल्लखांब हा पैलवानाचा मुका जोडीदार होय. तो थकत नाही, रागावत नाही आणि चूक केली तर अंग सोलून काढल्याशिवाय राहत नाही.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी बलोपासनेला देवाचे अधिष्ठान दिले. इ.स. १६४५ ते १६५५ या सुमारास स्थापन झालेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव हे दोन मारुती कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. वारणेपलीकडचा बत्तीस शिराळ्याचा मारुतीही शाहूवाडी तालुक्यातील लोकांना परका नाही. स्वतः समर्थ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. जप आणि नमस्कार यांना एकच नियम लागू होतो. संख्या ठरलेली, वेळ ठरलेली आणि कोणी पाहो वा न पाहो, खंड पडू द्यायचा नाही. पुढे विसाव्या शतकात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांमध्ये नेला आणि त्यावर पुस्तके लिहून त्याची कीर्ती परदेशातही पोचवली.

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे

मलकापूरकरांना बळाच्या परीक्षेची गोष्ट दूर जाऊन ऐकावी लागत नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवछत्रपती भर पावसात पन्हाळ्याचा वेढा ओलांडून विशाळगडाकडे निघाले. चिखल, झाडी, ओढे आणि पाठीवर शत्रू अशा स्थितीत रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी मावळे चालत राहिले. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे सोबती ठाण मांडून उभे राहिले आणि महाराज गडावर पोचेपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही. हीच शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंड. रात्रभराच्या वाटचालीनंतर तासन् तास शस्त्र चालवत राहणे केवळ आवेशाने साधत नाही. आवेश घटकाभराचा असतो. त्यानंतर हात चालतो तो सवयीने, आणि सवय लागते ती रोजच्या मेहनतीने.

बाजीप्रभूंचे नाव घेतले की दांडपट्टा डोळ्यांपुढे येतो. या शस्त्राची घडणच अशी आहे की एकट्याच्या सरावाशिवाय ते हाती घेता येत नाही. पाते लांब, दुधारी आणि लवचीक. मूठ आडवी आणि तिच्यावर कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. खोबळ्यात हात गेला की मनगट बांधले जाते. मग वार करायचा तो खांद्याने, कमरेने आणि पावलाच्या फिरतीने. पाऊल चुकले तर पाते आधी आपल्याच पोटरीचा समाचार घेते. म्हणून शिकणाऱ्याने प्रथम पवित्रे घोटायचे, मग रिकाम्या हाताने फेक घ्यायची, मग काठी आणि शेवटी पट्टा. एकेक हात शेकडो वेळा काढल्यावर तो अंगवळणी पडतो. ‘अंगवळणी’ हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. जे डोक्याला कळते ते अंगाला वळण लागेपर्यंत करावे लागते, एवढा अर्थ त्या एका शब्दात भरला आहे.

शस्त्रे गेली, हात राहिले

एकोणिसाव्या शतकात काळ फिरला. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांचे बळ काढून घेतले. विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि विशाळगडच्या प्रतिनिधींचे ठाणे मलकापुरास आले. गडावरचे गाव सपाटीला आले, त्याबरोबर एका लढाऊ पिढीचा उद्योगही संपला. १८५७ साली कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले. त्यानंतर लोकांच्या हातांतील शस्त्रांवर सरकारची नजर अधिकच कडक झाली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजी मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला.

लढाया संपल्या, पट्ट्याला गिऱ्हाईक उरले नाही. मग ही विद्या मेली का नाही? याचे उत्तर एकट्याच्या सरावात आहे. रणांगण गेले तरी अंगणात पवित्रा टाकता येत होता. तलवार गेली तरी लाठी फिरवता येत होती. पट्टा, फरी-गदका, विटा, बोथाटी, बनेटी यांचे हात पिढ्यान् पिढ्या घोटले गेले आणि मर्दानी खेळ म्हणून टिकले. कोल्हापुरातील पेठापेठांच्या तालमींनी, विशेषतः शिवाजी पेठेसारख्या भागातील आखाड्यांनी, सणासुदीच्या मिरवणुकीत ते लोकांपुढे ठेवले. एखादे शास्त्र पोथीत जपले जाते, एखादे गळ्यात जपले जाते. हे शास्त्र हातापायांत जपले गेले. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शिवजयंतीच्या दिवशी, दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्या अनाम हातांचाच गौरव झाला असे म्हटले पाहिजे.

शाहू महाराज आणि कोल्हापूरची तालीम

कुस्तीचे भाग्य मर्दानी खेळापेक्षा थोर. तिला राजाश्रय लाभला. राजर्षी शाहू महाराज (१८७४-१९२२) स्वतः मेहनती, कुस्तीचे जाणकार आणि मल्लांचे पालक. त्यांनी देशभरातून पैलवान आणि वस्ताद कोल्हापुरास आणले, तालमींना आश्रय दिला आणि १९०२ च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोममधील भव्य रंगमंडलाची आठवण ठेवून खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते पुरे झाले. कोठेही बसले तरी मधल्या हौदातील कुस्ती दिसावी अशी त्याची रचना आहे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींतून तयार झालेले मल्ल या मैदानात उतरले आणि ‘कुस्तीची पंढरी’ हे कोल्हापूरचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या काळच्या कुस्तीला घड्याळ नव्हते. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत झुंज. ती दोन मिनिटांत संपे किंवा तास-तास चाले. डाव दोघांनाही ठाऊक असत. शेवटी ज्याचा दम टिके त्याचा डाव लागे. म्हणून वस्ताद नव्या मुलाला डाव शिकवण्याआधी महिनोन् महिने मेहनत करायला लावीत. यामागे शिक्षा नव्हती, हिशेब होता.

जोर काढताना हात-पाय जमिनीवर टेकून अंग मागे ओढायचे, मग छाती जमिनीलगत नेत पुढे झोकून वर उचलायची. यात खांदे, छाती, दंड, पाठ आणि कंबर एकाच लयीत काम करतात. प्रतिस्पर्ध्याखालून निसटताना शरीर नेमके असेच वळते. बैठकीत मांड्या आणि पोटऱ्या तयार होतात, छातीचा भाता वाढतो. पट काढण्यासाठी खाली बसून उसळी घ्यावी लागते, तिची ही तालीम असते. याशिवाय करेला आणि मुद्गल फिरवायचे, दोर चढायचा, हौद खणायचा. फावड्याने लाल माती खणून उलटीपालटी करणे ही तर एकाच वेळी सेवा आणि मेहनत. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती माती मऊ राखली जाते. जो माती खणतो त्यालाच तिची खरी किंमत कळते.

घाटाजवळच्या या मुलखात पावसाची झड लागली की मैदाने बंद होतात, जत्रांची कुस्ती थांबते. पण तालमीच्या छपराखाली जोर-बैठका थांबत नाहीत. पीक शिवारात दिसण्याआधी जमिनीखाली रुजत असते, तसेच हे.

आकडा आणि आकार

जोर-बैठकांच्या आकड्यांच्या कथा पुष्कळ आहेत. गामा पैलवान दिवसाला हजारोंनी जोर आणि बैठका काढी, असे सर्वत्र सांगितले जाते. १९१० साली लंडनला जाऊन झिबिस्को या पोलंडच्या बलाढ्य मल्लाला त्याने जेरीस आणले. ती कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळा येथे तोच मल्ल पुन्हा समोर आला, तेव्हा मिनिटभरातच गामाने त्याला अस्मान दाखवले. अशा कथा ऐकून एखादा उत्साही मुलगा पहिल्याच आठवड्यात पाचशे बैठका काढतो आणि दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरून घरी बसतो. जाणते वस्ताद म्हणून आकड्याआधी आकार पाहत. कंबर लोंबते का, छाती पुरती खाली जाते का, श्वास कोठे घेतला जातो, हे पाहून मग दहाचे वीस आणि विसाचे चाळीस करीत.

अर्वाचीन शरीरशास्त्रही हेच सांगते. पुष्कळ आवर्तनांनी दम वाढतो, हालचाल पक्की होते. परंतु निव्वळ संख्येने बळ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यासाठी वजनाची जोड लागते. आणि थकल्यानंतर आकार बिघडला की पुढचे प्रत्येक आवर्तन चुकीच्या सवयीला खतपाणी घालते. शंभर जोर मन लावून काढलेले बरे, पाचशे रेटून काढलेले नव्हेत.

दूर जपानातही हाच अनुभव आढळतो. आधुनिक कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) हे ओकिनावा बेटावर तरुणपणी रात्री गुरूच्या घरामागील अंगणात जात आणि एकट्याने करावयाची एकच हालचालींची मालिका महिनोन् महिने घोटीत. गुरू बसून पाहत आणि बहुधा ‘पुन्हा कर’ एवढेच म्हणत. भाषा वेगळी, वेष वेगळा. पण पाहणारा वस्ताद आणि घोटणारा शिष्य तोच.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. मेहनत एकट्याची खरी, पण ती पूर्णपणे एकाकी कधीच नसते. कोणी तरी पाहणारा लागतो. तो वस्ताद असेल, तालमीतला थोरला मुलगा असेल, नाही तर भिंतीवरचा मारुती असेल. आणि मेहनतीला जागा लागते. ती जागा कोणी एकटा बांधीत नाही.

हेलसिंकीचा धडा

या विचाराचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेला हा मल्ल कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकला आणि येथील मातीत तयार झाला. ते एका दमात हजारभर बैठका काढीत, अशी त्यांची ख्याती सांगितली जाते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. त्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशी जपानच्या इशीई याच्याशी दीर्घ झुंज होऊन हार झाल्यावर त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीस उभे करण्यात आले. मधली विश्रांती मागायला त्यांच्या बाजूने बोलणारा कोणीही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. हजार बैठकांनी कमावलेला दम एकट्याला जेथवर नेऊ शकतो तेथवर त्याने नेले. पुढच्या पायरीवर एका शब्दाने पाठीशी उभे राहणारे माणूस हवे होते, ते नव्हते. परत आल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. नंतर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या पैशातून खर्डेकरांचे ऋण फेडले. गावाने मुलाला उभे केले आणि मुलाने गावाचा विश्वास राखला, असा हा व्यवहार आहे. जमाखर्चाच्या वहीत त्याची नोंद दोन ओळींत मावेल, पण त्याचे मोल पिढ्यान् पिढ्या पुरेल.

खाशाबांनंतरही ही परंपरा खंडित झाली नाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. वारणेकाठच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके मिळवली आणि पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून अनेक मल्ल घडवले. १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले यांनी १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले.

आजची तालीम

आता कुस्ती मातीवरून गादीवर गेली आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत निकाल लागतो. तासभर टिकणाऱ्या दमापेक्षा क्षणात फुटणाऱ्या चपळाईला महत्त्व आले आहे. वजने, धावणे, दोर आणि जोर-बैठका यांचा मेळ घालून मेहनत आखावी लागते. हे बदल स्वीकारलेच पाहिजेत. मुलीही आखाड्यात उतरल्या आहेत. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा ज्या मातीत एके काळी मुलींना पाऊल टाकू देत नसत तिचा दोष काहीसा धुऊन निघाला.

पण एक गोष्ट बदललेली नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक पदक. नेमबाजीत अंगाला अंग लागत नाही. पण नेमबाजही गोळी न भरता तासन् तास बंदूक धरून, नेम साधून, चाप ओढण्याचा सराव करीत असतो. जोर असो, पट्ट्याचा हात असो वा बंदुकीचा चाप असो, न दिसणाऱ्या आवर्तनांचीच ती कमाई असते.

गावोगावच्या तालमींची आजची स्थिती मात्र चिंता वाटावी अशी आहे. कोठे हौद सुकला आहे, कोठे करेला कोपऱ्यात धूळ खात आहेत, कोठे तालमीचे छप्पर गळते आहे. तरुण नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांना दोष देता येणार नाही. पण गावात उरलेल्या दहा-वीस मुलांना पहाटे जाण्यासारखी जागा आहे का, आणि तेथे त्यांच्याकडे पाहणारा कोणी आहे का, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावयास हवा. मेहनत मुले करतील. ती त्यांच्यासाठी दुसरा कोणी करू शकत नाही. परंतु छप्पर, माती, दिवा आणि पाठीवरचा हात हे देणे गावाचे आहे.

देवळाचा जीर्णोद्धारही असाच होतो. कोणी एक दगड दिला, कोणी एक दिवसाची मजुरी दिली, कोणी मूठभर धान्य विकून वर्गणी भरली. एकेक घाव घालीत पाथरवटाने दगडाला आकार दिला. एका घावात मूर्ती घडत नाही आणि एका देणगीत देऊळ उभे राहत नाही. ज्यांनी या कार्याला हातभार लावला त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

शिखरावर कळस चढतो त्या दिवशी गाव जमा होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र देवळाजवळच्या काळोखात एखादाच मुलगा असेल. तो हात जोडील, माती कपाळाला लावील आणि पहिला जोर काढील. त्याच्यासाठी कंदील लावून ठेवणे ही या जीर्णोद्धाराची पुढची पायरी ठरो, हीच मारुतीरायाच्या चरणी प्रार्थना.